लोणा

"बोट नका लावू, म्याडम," मागून सदूअण्णा म्हणाले.

तोवर बोट लावून झालं होतं. काचेचं दार उघडून मी भिंतीवरच्या बारा टाइल्सवरून ओळीने तर्जनी फिरवत आले होते आणि सातवीवर माझं बोट अडलं होतं.

"का नको?"

"घाम असतोय बोटाला. तुमीच सांगितलासा न्हवं परवा समद्यास्नी."

सांगितलं होतं खरं. पण मी वळून पाहिलं तर घाम अण्णांच्याच कपाळावर होता, आणि जानेवारीचा महिना होता. मी काचेचं दार लावलं. किल्ली घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा ती मी त्यांना न देता माझ्या पर्समध्ये टाकली. या गॅलरीची किल्ली गेली नऊ वर्षं त्यांच्या कमरेला होती.

त्या टाइल्स तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या, सोळाव्या शतकातल्या. चिंचगिरीसारख्या सहा गावांच्या संस्थानात त्या कशा आल्या, तर आमचे एक राजेसाहेब विलायतेहून परतताना इस्तंबूलला उतरले, त्यांना फुलं आवडली, त्यांनी बारा टाइल्स घेतल्या आणि आणून चक्क न्हाणीघराच्या भिंतीत बसवल्या. राजेसाहेबांची आंघोळ सुलतानाच्या तोडीची झाली असेल. टाइल्सची मात्र वाट लागली, कारण राजवाड्याच्या विहिरीचं पाणी मचूळ. ते भिंतीत मुरलं, भिंतीला लोणा धरला आणि टाइल्सच्या पोटात मीठ भरलं. १९८६ साली संग्रहालयाने त्या सोडवून घेतल्या आणि एकेक करून महिनोन्‌महिने साध्या पाण्यात बुडवून ठेवल्या, मीठ उतरावं म्हणून. ते काम सदूअण्णांचं.

बाराही टाइल्स मिळून एकच चित्र होतं. खालून एक झुबका उठलेला. त्यात ट्यूलिपच्या लांबट कळ्या, पंख्यासारखी पसरलेली कार्नेशनची फुलं, हायसिंथचे निळे तुरे, आणि या सगळ्यांमधून वाकून गेलेलं एक लांब दातेरी पान. एका टाइलवर सुरू झालेला देठ दुसरीवर जाऊन फुलायचा. अण्णांना ही नावं ठाऊक नव्हती. ते लाल कळी, पंखा आणि निळं तुरं म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांची नावं जास्त बरोबर होती.

इझनिकचा लाल हा निव्वळ रंग नसतो, माती असते. लोखंडाचा अंश असलेली लाल माती कालवून जाड थर द्यायचा. भाजल्यावरही तो काचेच्या झिलईखाली उठून राहतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळी कुठे सुरू झाली ते कळतं. अकरा टाइल्सवर मला कळलं. सातवीवर पंखा होता, लालही होता, पण बोटाखाली सपाट. जवळून पाहिलं तर त्या लालात कौलाची तपकिरी झाक.

सातवी टाइल खोटी होती. आणि अशी टाइल बनवू शकेल असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता.

हे १९९५ सालचं. मी तेव्हा तीस वर्षांची होते, साडेसहा वर्षं परदेशात शिकून महिन्यापूर्वीच परतले होते, आणि ज्या संग्रहालयात कधीकाळी शिकाऊ म्हणून बादल्या भरल्या तिथेच अभिरक्षक होऊन आले होते. सामानात दोन पदव्या होत्या आणि डोक्यात पुष्कळ हवा. सदूअण्णा म्हणजे सदाशिव कुंभार. चौथी शिकलेले, हात मात्र असा की फुटलेला रांजण जोडला तर भेग शोधावी लागे. शिकाऊ असताना आठ महिने मी त्यांच्या हाताखाली होते. तेव्हा ते मला "अगं हेमा" म्हणायचे. परत आल्यापासून "म्याडम" म्हणत होते. पहिल्या दिवशी मला त्याची गंमत वाटली होती. आता वाटलं, हा माणूस मुद्दाम लांब राहतोय.

पुढच्या महिन्यात या टाइल्स दिल्लीच्या एका मोठ्या प्रदर्शनाला जायच्या होत्या. त्याआधी दिल्लीहून एक तज्ज्ञ येऊन त्या तपासणार होते. त्यांच्यासमोर खोटी टाइल निघाली असती तर संग्रहालयाची अब्रू गेली असती आणि पाठोपाठ माझी. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. नुसती डोळ्यांत तेल घालून अण्णांवर नजर ठेवू लागले.

नजर ठेवायची म्हटलं की माणूस चोरच दिसायला लागतो. अण्णा पान खाऊन थुंकले तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. पण काही गोष्टी खरोखरच विचित्र होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ते दिल्लीचं सायेब येनार, ते बी हात लावून बगत्यात व्हय?"

"बघणारच. का?"

"न्हाई, इचारलं आपलं."

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्या फरश्या न्हाई धाडल्या तर चालत न्हाई का? प्रवासात मोडतोड हुती. तोफा धाडा की."

"अण्णा, लोकांना फुलं बघायचीत, तोफा नव्हे."

"मग दोन-चार म्हैनं थांबा म्हनावं त्यास्नी."

"दोन-चार महिन्यांनी काय होणार आहे?"

दोन-चार महिन्यांनी काय होणार होतं ते मला ठाऊक होतं. मे महिन्यात ते निवृत्त होत होते. माल पचवून, शाल-श्रीफळ घेऊन सुखाने घरी जाणार, असा मी हिशेब मांडला.

गुरुवारी खिडकीतून पाहिलं, तर फाटकाशी स्कूटरवरून एक माणूस आला. अण्णांनी इकडेतिकडे पाहून त्याच्याकडून एक पुडकं घेतलं आणि कोपरीच्या खिशात घातलं. पहारेकऱ्याला विचारलं, तर म्हणाला, मिरजेचा कुणीतरी आहे, दोन-तीन महिन्यांनी येतो. आणखी एक सांगितलं त्याने: अण्णा दर रविवारी, सुट्टी असताना, हत्तीखान्यात येऊन बसतात. हत्तीखाना म्हणजे आमची दुरुस्तीची कार्यशाळा. तिथल्या आतल्या खोलीला अण्णांचं स्वतःचं कुलूप होतं.

शुक्रवारी मी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे खर्शीकर वकील, सत्तरीचे, शब्द मोजून वापरणारे. मी पत्र लिहूनच नेलं होतं: क्रमांक सातची मूळ टाइल जागेवर नाही, तिच्या जागी नक्कल आहे, नक्कल करण्याचं कसब आणि किल्ली या दोन्ही गोष्टी एकाच इसमाकडे आहेत, सबब चोरीचा संशय. 'सबब' हा शब्द घालताना मला फार बरं वाटलं होतं.

वकिलांनी पत्र दोनदा वाचलं. "सदाशिव? तीस वर्षं नोकरी झाली त्याची."

"म्हणूनच कुणी विचारलं नाही."

"खात्री आहे तुमची?"

"माझ्या बोटाची खात्री आहे."

"ठीक. सोमवारी अकराला त्याला बोलवा. तोवर मूळ टाइल कुठे गेली याचा काही माग लागला तर पाहा. मिळाली तर बरं, नाहीतर फौजदारी करावी लागेल. म्हातारपणी कोठडी वाईट."

रविवारी दुपारी मी हत्तीखान्यात गेले. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा खिडकीपाशी चटईवर मांडी घालून बसले होते, डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग, हातात बारीक चिमटा. माझी चाहूल लागताच त्यांनी समोरच्या पाटावर उपरणं टाकलं.

"काय आहे त्याच्याखाली?"

"काय न्हाई. कपबशी."

"उपरणं काढा, अण्णा."

"म्याडम, आज सुट्टी हाय. तुमी घरला जावा."

"मी शुक्रवारीच वकिलांकडे पत्र दिलंय. उद्या अकराला तुम्हाला बोलावणार आहेत. तुम्ही सातवी टाइल विकलीत म्हणून."

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. मग म्हणाले, "इकली?" आणि स्वतःच उपरणं बाजूला केलं.

पाटावर टाइल होती. खरी. बोट लावायचीही गरज नव्हती, खिडकीच्या उजेडात पंख्याच्या लाल पाकळ्या उठून आल्या होत्या. पण टाइल धड नव्हती. तिच्यावरून तिरपी रेघ मारल्यासारखे दोन भाग झाले होते. एका बाजूची झिलई तुकतुकीत, शाबूत. दुसऱ्या बाजूची पार सुटून आलेली, आणि ती नखाएवढ्या, तिळाएवढ्या कपच्यांनी परत बसवत आणलेली. वरच्या कोपऱ्यातली लाल कळी तेवढी उघडी होती; तिथे खालची पांढरी माती दिसत होती. शेजारी पत्र्याच्या डबीत कापसावर थोड्या कपच्या उरल्या होत्या.

सगळं एकदम कळलं असं नाही. विकली नाही, एवढं कळलं. आणि माझा राग जायच्या ऐवजी भडकला, कारण आता मला अण्णांनी फसवल्याचं दुःख नव्हतं, त्या टाइलचं होतं.

"कुणी केलं हे?"

"मिठानं."

"मीठ आपोआप असं करत नाही! ओली टाइल कुणीतरी थेट उन्हात ठेवलीय. पाणी झपाट्यानं उडालं, आतलं मीठ झिलईखाली फुललं आणि झिलई उडवून मोकळं झालं. ही तिरपी रेघ दिसतेय? इथपर्यंत कशाचीतरी सावली होती, तेवढंच वाचलं. चारशे वर्षं टिकलेली वस्तू, आणि कुणीतरी मूर्खानं ती पापडासारखी वाळत घातली. तुमच्याकडून अण्णा? तुम्ही आम्हाला सावलीत, ओल्या गोणपाटात महिनाभर गुंडाळून ठेवायला लावायचात!"

मी टाइल उचलून मागची बाजू बघायला लागले. एका कोपऱ्याला चिकटपट्टीने लावलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. हौदातून टाइल काढली की तारीख घालून, सही करून तशी चिठ्ठी लावायची, हा आमचा नियम होता.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'क्र. ७. हौदातून काढली. गच्चीवर. १३ एप्रिल ८८. हे. प.'

हे. प. म्हणजे हेमांगी पळसुले. अक्षर माझं होतं. 'ळ' काढायची वेळ आली नव्हती एवढंच, नाहीतर तोही मी ओळखला असता.

मी खाली बसले. आणि मग आठवलं. अण्णा चार दिवस मुलीच्या लग्नाला गावी गेले होते. जाताना मला बजावून गेले होते, रोज पाणी बदल, बाकी हौदाला हात लावू नकोस. तेरा तारखेला मला शिष्यवृत्तीचं पत्र आलं. पासपोर्टसाठी पुण्याला जायचं होतं, तीनची एसटी होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी. पाणी कोण बदलणार, शिळ्या पाण्यात शेवाळ धरेल, म्हणून मी ती काढून गच्चीवर ठेवली. संध्याकाळी आत घ्या असं पहारेकऱ्याला सांगितलं, की सांगायचं ठरवलं, ते मला आजही आठवत नाही. मी एसटी पकडली. पुण्याहून परस्पर मुंबई, मुंबईहून विमान. सातव्या टाइलचा विचार मी पुन्हा म्हणून केला नाही.

"म्या सोळा तारखंला आलो," अण्णा म्हणाले. "गच्चीवर बगितलं तर पंखा समदा शेजारी पडल्याला, काचंच्या भुग्यागत. वारं न्हवतं म्हनून घावला. फडक्यात भरला, एक बी कपची जाऊ दिली न्हाई."

"मला कळवलं का नाही?"

"कळवून काय केलं असतंसा? परत आला असतासा. जुन्या सायबांनी एका पोराला कपाचा कान मोडला म्हनून हाकलला हुता, ठावं हाय न्हवं? तुमची ती शिष्यवृत्ती त्येंच्याच शिफारशीवर हुती. एक तार गेली असती की संपलं. आनि चूक माजी बी हुती. हौद एकट्या पोरीच्या अंगावर टाकून म्या लग्नाला गेलतो."

"म्हणून नक्कल लावलीत?"

"ही जोडून हुईस्तवर." मग त्यांनी चिमटा पुसत खाली बघून सांगितलं, "खोटं कशापायी बोलू. मला बी हुरूप आलता. त्यो लाल जमतोय का बगावं वाटलं. अकरा येळा भाजली. लाल आला, पन उठला न्हाई. ते काय जमलं न्हाई बगा."

दर रविवारी कधी एक कपची बसे, कधी दोन, कधी एकही नाही. मिरजेचा घड्याळजी भिंग आणि चिमटे दुरुस्त करून आणून देई. निवृत्तीच्या आत काम संपवायचं, गुपचूप खरी टाइल भिंतीवर लावायची आणि नक्कल फोडून टाकायची, असा बेत होता. पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि कामाचा वेग मंदावला. मग दिल्लीचं पत्र आलं. मग मी आले.

"उद्या मी वकिलांना सांगते," मी म्हटलं.

"काय सांगतासा?"

"खरं ते."

"आनि मग? दिल्लीवाल्या सायबाफुडं कोन उबं ऱ्हाईल? जिनं फरशी घालिवली ती? तुमास्नी ठेवतील व्हय हितं?" ते पहिल्यांदाच चिडले. "तुमची आता सुरवात हाय. माजं चार म्हैनं ऱ्हायल्यात. उद्या म्या सांगतो, माज्या हातनं झालं. तुमी गप ऱ्हावा."

मी नाही नाही म्हटलं. डोळे पुसले. मग घरी गेले. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या रात्री मला गाढ झोप लागली. आपल्यावरचं संकट दुसऱ्याने उचललं की अशी झोप लागते. सकाळी उठून मी इस्त्रीची साडी नेसले.

अकरा वाजता खर्शीकर वकिलांच्या टेबलासमोर अण्णा उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खरी टाइल त्यांनी उपरण्यात गुंडाळून आणली होती. मागची चिठ्ठी काढलेली होती. चिकटपट्टीचा नुसता डाग राहिला होता.

"इकली न्हाई सायेब. सात वर्सांमागं माज्या हातनं पडली, काच उडाली. भीती वाटली म्हनून दुसरी लावली."

वकिलांनी टाइल हातात घेऊन उलटसुलट केली. "म्हणजे चोरी नव्हे. निष्काळजीपणा, आणि वर सात वर्षं लबाडी."

"व्हय."

"निवृत्तीचं काही मिळणार नाही, कळतंय का? आजपासून यायचं नाही."

"कळतंय."

वकिलांनी लिहायला घेतलं. पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते जन्मभर साक्षीदार तपासत आले होते, आणि त्या नजरेत संशय होता. अण्णांच्या बाबतीतला नव्हे.

"पळसुलेबाई, तुम्ही यातल्या तज्ज्ञ. तुकडा नाही, भेग नाही, टाइल सबंध आहे. आणि हा म्हणतो पडली. पडून असं होतं?"

पडून असं होत नाही. हे मला शिकाऊ असतानाही सांगता आलं असतं. अण्णा भिंतीकडे बघत होते. माझ्याकडे वळून बघितलं असतं, तर कदाचित मी बोलले असते. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

"होतं," मी म्हटलं.

वकिलांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं आणि वाक्य पुरं केलं. अण्णांनी सही केली, टेबलावर हत्तीखान्याची किल्ली ठेवली आणि पत्र्याची डबी माझ्या हातात दिली.

"सतरा कपच्या हायत. लाल कळीच्या टोकाची एक उलटी वाटती, पन ती सरळच हाय. सरस पातळ घ्या. आनि एक बसली की दुसरीला आठ दिस हात लावू नका, म्याडम. घाई करू नका."

मी हो म्हटलं.

त्या साली टाइल्स दिल्लीला गेल्या नाहीत. सतरा कपच्या बसवायला मला अकरा महिने लागले. सातवी टाइल भिंतीवर परत लागली आणि तिच्याखाली पितळी पट्टीवर दुरुस्ती करणाऱ्याचं म्हणून माझं नाव कोरलं गेलं. पुढे मी संचालक झाले, आणि वीस वर्षं होते. अण्णा त्यानंतर पाच वर्षं जगले, संग्रहालयाच्या रस्त्याने कधी आले नाहीत. चिंचगिरीत आजही जुन्या माणसांना विचारलं, तर ती सांगतात की सदू कुंभाराने राजाची फरशी विकायला काढली होती आणि पळसुलेबाईंनी ती पकडली. माझ्यासमोरही सांगतात. मी एकदाही त्यांना अडवलेलं नाही.